तलावाच्या पाळीवरची खाट

आमच्या केंद्राच्या पहिल्या प्रस्तावात खाट नव्हती. वातानुकूलित प्रयोगशाळा होती, सव्वाशे खुर्च्यांचं सभागृह होतं, ‘माहिती व प्रशिक्षण दालन’ होतं, पाहुण्या शास्त्रज्ञांसाठी दोन खोल्या होत्या. बेचाळीस पानं, स्पायरल बाइंडिंग, वर पारदर्शक प्लास्टिक. मुखपृष्ठावर कमळांचा फोटो, तोही दुसरीकडचा. आमच्या तलावात तेव्हा कमळं उरलीच नव्हती. नाव दिलं होतं ‘प्रादेशिक गोड्या पाण्याचे तलाव संवर्धन व संशोधन केंद्र’. हे नाव एका दमात म्हणायला मला आजही जमत नाही. गावात सगळे ‘पाण्याची खोली’ म्हणतात.

मी मूळची साताऱ्याकडची. लग्नानंतर गोंदिया जिल्ह्यात आले आणि तालुक्याच्या गावी महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवायला लागले. तळं म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे यायचं ते देवळापुढचं, दगडी पायऱ्यांचं, चौकोनी. इथे एसटीच्या खिडकीतून बघावं तर भात संपला की तलाव, तलाव संपला की बोडी, बोडी संपली की परत भात. बोडी म्हणजे शेतातलं लहानसं तळं. तलावाच्या पाळीला इथे ‘पार’ म्हणतात, कारण झाडीबोलीत ळ चा र होतो. पाणी सोडायच्या दाराला ‘तुडूम’. पहिल्या वर्षी एका विद्यार्थ्यानं वर्गात ‘मामा तलाव’ म्हटल्यावर मी विचारलं होतं, कुणाचे मामा? वर्ग पाच मिनिटं हसत होता.

मामा म्हणजे माजी मालगुजारी. गोंड राजांच्या काळापासून इथल्या कोहळी समाजानं जमिनीचा उतार नुसत्या नजरेनं जोखून हे तलाव बांधले, धानासाठी आणि उसासाठी. नवेगावबांधचा मोठा तलाव कोलू पाटील कोहळी यांनी अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बांधला. पुढे तलाव मालगुजारांकडे, म्हणजे सरकारसाठी शेतसारा गोळा करणाऱ्या जमीनदारांकडे, आले, आणि ३१ मार्च १९५१ रोजी मालगुजारी संपली तेव्हा सरकारजमा झाले. भंडारा तेव्हा मध्य प्रदेशात होता, गोंदिया जिल्हा तर भंडाऱ्यातून १९९९ साली निघाला. पूर्व विदर्भात असे साडेसहा हजारांहून जास्त तलाव आहेत. तलाव सरकारचा झाल्यावर पाळीवरचं झाड कुणी तोडायचं नि तुडूम कुणी दुरुस्त करायचा, हे ठरवणारी गावची माणसं हळूहळू मागे सरली. हे मला पुस्तकातून कळलं नाही, पाळीवर बसून कळलं. पण ते पुढे.

२००७ साली जयपूरला बारावी जागतिक सरोवर परिषद भरली होती, ‘ताल २००७’. कॉलेजनं रजा दिली, भाडं माझं. तिथे जपानच्या बिवा सरोवराची गोष्ट पहिल्यांदा नीट कळली. १९७७ च्या मे महिन्यात सूक्ष्म शैवालामुळे बिवाचं पाणी तांबूस झालं. शिगा प्रांतातल्या बायकांनी फॉस्फेटचे डिटर्जंट सोडून साबण वापरायची मोहीम उभी केली, १९७९ मध्ये प्रांतानं अशा डिटर्जंटवर बंदीचा नियम केला, आणि सरोवराची संशोधन संस्था निघाली ती १९८२ मध्ये. आधी बायका, मग कायदा, मग संस्था. हा क्रम माझ्या त्या वेळच्या वहीत लिहिलेला आहे, खाली दोन रेघा मारून. आणि एवढं करून, काही वर्षांनी केंद्राचं मनावर घेतलं तेव्हा मी पहिलं काम काय केलं, तर इमारतीचा नकाशा काढून घेतला.

संस्था नोंदणीचं फार सांगत नाही. सात सदस्य, १८६० च्या कायद्याखाली एक नोंद, १९५० च्या विश्वस्त कायद्याखाली दुसरी, घटना, ठराव, फोटो, पुन्हा फोटो कारण पहिले निळ्या पार्श्वभूमीवर होते. ज्यांनी हे केलंय त्यांना ठाऊक आहे, ज्यांनी नाही त्यांना कंटाळा येईल. प्रस्ताव पाच ठिकाणी पाठवला. तीन ठिकाणांहून काहीच आलं नाही. एका ठिकाणाहून आलं की तुमची स्वतःची जागा नाही, म्हणून इमारतीला पैसे देता येत नाहीत. पाचवी एक कंपनी होती. तिथल्या गृहस्थांचा फोन आला, फार अदबीनं बोलले आणि शेवटी विचारलं, “मॅडम, उद्घाटन मार्चच्या आत होईल ना?” मी म्हटलं, तलावाचा एक पूर्ण ऋतुचक्राचा अभ्यास व्हायलाच बारा महिने लागतात. “हो हो, अभ्यास होईल हो, पण उद्घाटन?” पुढे त्यांचा फोन आला नाही. माझाही गेला नाही.

जागेसाठी फिरायला लागले तेव्हा खरी शाळा सुरू झाली. आम्ही धरलेला तलाव चौसष्ट हेक्टरचा. त्याचं पाणी एका खात्याचं. आता शंभर हेक्टरपर्यंत सिंचन करणारे तलाव जिल्हा परिषदेकडे आणि त्यावरचे राज्याच्या पाटबंधाऱ्याकडे, हे एकदा पाठ झालं की सोपं वाटतं. पण त्याच पाण्यातली मासोळी ठेक्यानं मच्छीमार सहकारी संस्थेची. पाणी ओसरलं की उघडी पडणारी जमीन महसुलाची. एका बाजूनं झुडपी जंगल, म्हणजे वनखातं. डोंग्यातून उतरून काठावर पाय ठेवला की मालक बदलायचा. एका कार्यालयात मी विचारलं, नमुन्यासाठी दोन लीटर पाणी घ्यायला परवानगी कुणाची? साहेबांनी बराच विचार केला. म्हणाले, “तुम्ही घेऊन टाका. विचारलंत तर मला उत्तर द्यावं लागेल.”

एक गोष्ट मात्र विनोदाची नव्हती. मला वाटायचं, पाणथळ जागांच्या संवर्धनाचा कायदा आपल्या बाजूनं आहे. २०१७ चे नियम काढून वाचले. त्यात पाणथळीच्या व्याख्येतूनच सिंचनासाठी बांधलेले मानवनिर्मित जलसाठे वगळलेले आहेत. भातखाचरंही वगळलेली. तीनशे वर्षांचा तलाव, हिवाळ्यात त्यावर वारकरी पक्ष्यांचे थवे, शेजारच्या खाचरांत सारसाची जोडी, आणि नियमांच्या लेखी ही पाणथळ नव्हे, कारण कुणीतरी ती कष्टानं बांधली. मी तो परिच्छेद तीनदा वाचला. मग आमच्यातल्या एका निवृत्त तलाठ्यांनी सुचवलं की वरून कायदा मिळत नसेल तर खालून बघा. तहसीलच्या अभिलेख कक्षातून निस्तार पत्रकाची नक्कल काढली. जुन्या काळची ही फार चांगली ठेव आहे. गावानं कुठल्या पाण्याचा, कुठल्या गवताचा, कुठल्या वाटेचा वापर कसा करायचा, याचे हक्क त्यात लिहिलेले असतात. आमच्या नकलेत तलावाची नोंद होती. गुरांचं पाणी, धुणं, निस्तार. पिवळा कागद, जांभळट शाई. ग्रामसभेत ती वाचून दाखवली तेव्हा मागून एक आजोबा म्हणाले, “हे तर आमाले मालूमच आहे जी. कागदाले आता मालूम झालं का?”

खोली मच्छीमार संस्थेनं दिली. पाळीच्या शेवटी, सांडव्याजवळ, त्यांची जाळी ठेवायची बारा बाय चौदाची कोठी. वर टिन. भाडं नको म्हणाले. त्याऐवजी संस्थेचे अर्ज आणि पत्रं मी लिहून द्यायची. हा करार कुठल्याही कागदावर नाही आणि आजतागायत चालू आहे.

सामान असं जमलं. कॉलेजनं जुनी ब्युरेट, म्हणजे थेंब मोजून सोडायची काचनळी, दोन शंकूपात्रं आणि एक सूक्ष्मदर्शक उसना दिला. ऑक्सिजन मापायच्या काचेच्या बाटल्या, तीनशे मिलीच्या, दोन डझन मागवल्या. नागपूरहून ट्रॅव्हल्सनं आल्या, फाट्यावरून मोटरसायकलनं, आणि खोलीत पोचल्या तेव्हा नऊ उरल्या होत्या. शुद्ध पाणी म्हणून बॅटरीच्या दुकानातलं पाणी. बीओडी, म्हणजे पाण्यातली घाण कुजताना किती ऑक्सिजन खाते, ते मोजायला ठरावीक तापमानाची पेटी लागते, ती तीन दिवस अखंड चालावी लागते. आमच्या फीडरवर तीन तास अखंड वीज म्हणजे सण. तो नाद पहिल्याच महिन्यात सोडला. पाण्याचा पारदर्शकपणा मोजायची चकती मी लग्नातल्या एका स्टीलच्या ताटातून केली. चार भाग करून काळा-पांढरा ऑइलपेंट, मध्ये भोक, दोरीला दर दहा सेंटिमीटरला गाठ. चकती खाली सोडायची, दिसेनाशी होते ती गाठ वाचायची. सेक्की नावाच्या इटालियन धर्मगुरूनं १८६५ साली ही पद्धत काढली. ऑक्सिजन मापायची विंकलरची पद्धत १८८८ ची. नव्या यंत्रांना नावं ठेवत नाही, पण या दोन म्हाताऱ्यांना वीज लागत नाही.

आता माझी चूक सांगते.

आम्ही दर पंधरवड्याला नमुने घेत होतो. मी, प्राणिशास्त्राचे एक सहकारी आणि दोन विद्यार्थी. साडेआठची एसटी, साडेनऊला फाटा, पंचवीस मिनिटं पायी, डोंगा सुटेपर्यंत साडेदहा, पहिली बाटली अकराच्या सुमाराला. चौदा महिने. विरघळलेला ऑक्सिजन कधीही लीटरला सात मिलीग्रॅमच्या खाली आला नाही, पुष्कळदा नऊ. पाणी हिरवं होतं, चकती तीसेक सेंटिमीटरवर नाहीशी व्हायची, पण हवा भरपूर. मी अहवालात लिहिलं, ‘माशांसाठी ऑक्सिजनची स्थिती समाधानकारक’.

आमचा डोंगा वल्हवणारे एक ढिवर बाबा होते. सत्तरीचे असतील. ते दुसऱ्या-तिसऱ्या फेरीपासून सांगत होते, “मॅडम, मासोरी सकारी वर येऊन हवा पिते जी. तोंड वर काढून.” मी म्हणायचे, बाबा, पाण्यात हवा आहे, मी मोजलीये. बाटली दाखवायचे. ते मान डोलवायचे. एकदा मात्र वल्हं आडवं ठेवून म्हणाले, “मंग खोटं कोन बोलते? तुमची बाटली का मासोरी?”

त्या वर्षी भाद्रपदात तीन दिवस सलग ढग होते, ऊन नाही, वारा नाही. बाबांचा निरोप आला, आज रात्री इथंच राहा. घरी सांगितलं. नवऱ्यानं विचारलं, कुठे झोपणार? म्हटलं, जाळ्यांच्या कोठीत. गावातून कुणीतरी नायलॉनच्या दोरीची खाट डोक्यावरून आणून टाकली. माझ्या सोबतीला बाबांची म्हातारी आली. तिनं पहिलं विचारलं, “घरी सांगून आली ना माय?” आणि दुसरं काही न विचारता खाली बोरी टाकून झोपली. विद्यार्थी पाळीवर गप्पा मारत जागे. जाळ्यांचा वास, डास, आणि टिनावर मधूनच पडणारी सागाची पानं. झोप कसली.

सव्वापाचला म्हातारीनं हलवलं. बाहेर येऊन ऐकलं तर तलावावर भुरभुर पाऊस पडतोय असा आवाज. वर बघितलं, पाऊस नव्हता. टॉर्च मारला. काठापासून आत जितका उजेड जाईल तितक्या पाण्यावर तोंडं. लहान-मोठी, गोल, उघडमिट करणारी. कटला, रोहू, मधूनच एखादी बोटाएवढी चांदीसारखी मासोळी. प्रत्येक तोंडाचा एक थेंबाएवढा आवाज. मरळ आणि मांगूर तेवढे निवांत असणार, ते तसेही वरची हवा घेऊ शकतात.

बाबांनी डोंगा काढला. बाटली बुडवून भरली, बुडबुडा राहू न देता. मँगनीज सल्फेट, मग आयोडाइडचं द्रावण. पाण्यात ऑक्सिजन असला की या दोन्हींनी दाट तपकिरी साका धरतो, चहासारखा. अकरा वाजता आमच्या बाटल्यांत कायम चहा असायचा. त्या पहाटे बाटलीत पेज दिसली. भाताची पांढरट पेज, किंचित पिवळी झाक. मला वाटलं रसायन खराब झालं. दुसरी भरली, तीच पेज. खोलीत येऊन आम्ल घातलं, टॉर्चच्या उजेडात ब्युरेट लावली. दोनशे मिली नमुन्याला ठरावीक शक्तीचं थायोसल्फेट जितके मिली लागेल, तितके मिलीग्रॅम प्रति लीटर. पिष्टाचा निळा रंग मी नेहमीच्या सवयीनं भरभर थेंब सोडत घालवायला गेले, आणि तो पाहता पाहता गेला. एक पूर्णांक दोन. त्याच जागी अकरा वाजता परत मोजला. नऊ पूर्णांक चार.

शास्त्र काही नवं नाही. मीच ते दर वर्षी बारावीला शिकवते. हिरवं पाणी म्हणजे शैवाल. दिवसा ऊन असताना ते ऑक्सिजन सोडतं, रात्री तेच ओढतं. जितकं पाणी हिरवं तितकी दुपार श्रीमंत आणि पहाट कंगाल, आणि ढगाळ दिवसात दुपारची कमाईही कमी. हे सगळं मला ठाऊक होतं. तरी चौदा महिने मी तलाव मोजत नव्हते, एसटीचं वेळापत्रक मोजत होते. ती पहिली नोंदवही अजून खोलीत आहे. तिच्या पहिल्या पानावर मी लाल शाईनं लिहून ठेवलंय, ‘सर्व वाचनांची वेळ: एसटीची’. कुणी पाहुणे आले की विद्यार्थी तीच वही आधी दाखवतात. लबाड आहेत.

त्या सकाळी केंद्र कुठे पाहिजे ते ठरलं. तालुक्याला नाही, कॉलेजच्या आवारात नाही. जिथून पहाटे पाच वाजता पाण्यापर्यंत चालत दोन मिनिटांत जाता येईल, तिथे.

मग प्रश्न आला, पाणी एवढं हिरवं का? यात आमची जागा जवळजवळ गेली होती. एक कारण गावात सगळ्यांना माहीत होतं. दोन उन्हाळ्यांपूर्वी एका योजनेतून यंत्रानं गाळ काढला होता. गाळ काढणं वाईट नाही; पूर्वीही काढायचे, बैलगाडीनं, थोडा थोडा, वर्षानुवर्षं. यंत्राला मात्र ट्रक जिथवर पोचेल तिथेच खोदायला परवडतं. त्यामुळे काठालाच दोन-दोन मीटरचे उभे खड्डे पडले. उतरता उथळ काठ गेला, आणि त्या वरच्या गाळात पाणवनस्पतींची जी बी-कंदांची पुंजी असते ती शेतात जाऊन पडली. पाण्याखालच्या वनस्पती असल्या की त्या पाण्यातलं खत शोषून घेतात, तळ धरून ठेवतात, पाणी नितळ राहतं. त्या गेल्या की तेच खत शैवालाला. उथळ तलाव असा एका बाजूनं दुसऱ्या बाजूला कलंडतो आणि आपणहून सहसा परत येत नाही.

दुसरं कारण माहीत असूनही कुणी बोलत नव्हतं. मासे लवकर वाढावेत म्हणून संस्थेचे लोक पाण्यात शेण आणि कोंबडीखत टाकत होते. मत्स्यशेतीत ही रीत आहे, मोजून मापून करायची असते. इथे ट्रॉली उलटी करायची. आणि ज्यांच्या कोठीत मी बसले होते, ज्यांची पत्रं लिहीत होते, त्यांनाच हे सांगायचं होतं.

बैठक खोलीसमोर झाली. मी आकडे वाचले. अध्यक्ष शांतपणे ऐकून म्हणाले, “म्हंजे आमीच आमची मासोरी मारतो, असं म्हनता तुमी.” कुणीतरी मागून कोठीच्या कुलपाचा विषय काढला. मला पुढचं वाक्य सुचेना. तेवढ्यात ती म्हातारी उठली, आत गेली, आणि दोन बाटल्या घेऊन आली. आम्ही आदल्या दिवशीच्या अकराची आणि त्या पहाटेची अशा दोन राखून ठेवल्या होत्या. तिनं दोन्ही अध्यक्षांपुढे ठेवल्या. “हा चाय. हे पेज. पेज आली का मासोरी मरते. यात मॅडमचं का हाये?” चाय-पेज हीच आमच्या केंद्राची पहिली परिभाषा. नंतर नोंदवहीत रकानाच केला. ज्या मुलाला ब्युरेट येत नाही तोसुद्धा रंग बघून चाय, फिका चाय किंवा पेज लिहू शकतो, आणि खरं सांगायचं तर धोक्याचा इशारा द्यायला तेवढं पुरतं.

ठरलं ते असं की खत निम्मं, तेही शेण, कोंबडीखत बंद, आभाळ भरलं की काहीच नाही, आणि चकती चाळीस सेंटिमीटरपेक्षा खोल जाऊन दिसेनाशी झाली तरच खताचा विचार करायचा. सगळ्यांनी पाळलं असं नाही. पण ट्रॉली पुन्हा रात्री आली तेव्हा पाळीवर माणूस झोपलेला होता, एवढा फरक पडला.

वनस्पती परत आणण्याचं काम बायकांच्या बचत गटानं केलं. मी वनस्पतिशास्त्राची प्राध्यापक, पण कुठली वनस्पती कुठल्या पाण्यात राहते, कुठल्या मुळाला चिखल लागतो आणि कुठल्याला वाळू, हे त्यांच्यासारखं मला येत नव्हतं. एकीनं मला देवधान दाखवलं, तलावाकाठचा रानातला भात, पिकायच्या आधीच दाणे झडतात. ते पूर्वी उपासाला चालायचं; आता आमच्या काठावर ते कुठेच नव्हतं, तिच्या माहेरच्या बोडीत होतं. उन्हाळ्यात पाणी ओसरल्यावर आधी बेशरमाची झुडपं मुळासकट काढली. बेशरम म्हणजे ती जांभळ्या फुलांची, काठ गिळणारी. वरून कापली की दुप्पट येते, नावाप्रमाणे. खड्ड्यांच्या कडा फोडून काही ठिकाणी उतार केला, तळ नांगरला. मग दुसऱ्या बोड्यांतून हायड्रिला, व्हॅलिस्नेरिया, कुमुदिनी, देवधान ओल्या पोत्यांत गुंडाळून आणलं आणि चौकोन आखून लावलं.

पहिल्या वर्षी बहुतेक सगळं वाळलं. पाऊस तीन आठवडे उशिरा आला. उरलेलं गुरांनी तुडवलं, आणि काही चौकोन गवतखाऊ माशांनी खाल्ले, कारण संस्थेनं त्याच वर्षी ग्रासकार्पची पिल्लं सोडली होती आणि आम्ही एकमेकांना विचारलं नव्हतं. दुसऱ्या वर्षी विचारलं. काटेरी कुंपण केलं, लावणी पहिल्या पावसानंतर केली. अर्धं धरलं.

माशांची यादी करायला एक वर्ष गेलं आणि ती अजून पुरी नाही. एकाच मासोळीची तीन नावं, लहानपणी एक, मोठेपणी दुसरं, आणि पलीकडच्या गावात तिसरं. सहकारी शास्त्रीय नाव सांगायचे, बाबा म्हणायचे ही ती नव्हे, हिच्या शेपटीजवळ ठिपका कुठे आहे. बहुतेकदा बाबा बरोबर निघायचे. अकरावीतली एक मुलगी चित्रं काढते. तिच्या चित्राखाली आधी गावातलं नाव, मग कंसात बाकीची, शेवटी शास्त्रीय. एका पानावर नुसतं नाव आहे, चित्र नाही. ती मासोळी बाबांनी लहानपणी पाहिली होती, मुलीनं नाही. तिनं चौकट आखून ठेवली आहे.

‘प्रादेशिक’ हा शब्द आमच्या नावात पहिल्यापासून होता, प्रस्तावात बरा दिसतो म्हणून. त्याला अर्थ आला तो मागच्या पावसाळ्यात. बारा-पंधरा किलोमीटरवरच्या गावातून एक तरुण मोटरसायकलवर आला. पिशवीतून थंड पेयाची प्लास्टिकची बाटली काढली, तीनचतुर्थांश पाणी, वर हवा, प्रवासात घुसळून फेस आलेला. “आमच्या तलावाचं आहे. चाय का पेज ते सांगा.” त्याला समजावलं की बाटलीत हवा राहिली की सगळंच चाय दिसतं, काचेची बाटली लागेल, रसायन तिथल्या तिथे घालावं लागेल, आणि वेळ पहाटेची. तो रात्री राहिला. पहाटे आमच्या तलावावर स्वतः भरून बघितलं, शिकला, दोन बाटल्या घेऊन गेला. आता अकरा तलावांच्या वह्या येतात. काहींचं अक्षर लागत नाही. एका वहीत दर सोमवारी अगदी एकच आकडा असतो. तिथे जाऊन बसावं लागणार आहे.

यंदा बऱ्याच वर्षांनी पुन्हा एक प्रस्ताव लिहिला, नऊ पानांचा. सभागृह नाही, दालन नाही. ‘आवश्यक प्रमुख उपकरणे’ या रकान्यात पहिल्या ओळीला लिहिलं, ‘खाटा: ४, मच्छरदाण्यांसह’. दुसरीला काचेच्या बाटल्या, तिसरीला डोंगा. आठ दिवसांनी तिकडून एका मुलीचा फोन आला. आवाजावरून नवीनच लागलेली असावी.

“मॅडम, पहिल्या ओळीत टायपिंगची चूक झाली आहे का?”

म्हटलं, नाही. तुम्हीच एकदा या, मुक्कामी.

“मुक्कामी का?”

म्हटलं, एसटी साडेनऊच्या आत पोचत नाही.